पेटणारं तीर्थ

शेंद्र्याच्या मठात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. कंपनीची पोरं शिफ्ट बुडवून यायची, शहागंजातले व्यापारी गाड्या करून यायचे. उदकनाथ महाराज तीर्थात रुमाल भिजवायचे, काडी लावायचे. निळी ज्योत उठायची, विझायची, अन् रुमाल जसाच्या तसा.

"पाणी कधी जळतं का बाबांनो? ह्यात तुमचा रोग जळतो. दमा, कावीळ, कोर्टाची तारीख, सगळं."

"तारीखबी?" मागून कुणी विचारलं.

"श्रद्धा असली तर वकीलसुद्धा जळतो."

लोक हसले आणि बाटल्या घेऊन गेले. भागूबाईही घेऊन गेली. तिच्या नवऱ्याला, तात्यासाहेबांना, कावीळ होती. डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तेव्हा ती रागावली होती. "माळकरी हायती. थेंब नाय शिवले कधी."

ते खरंच होतं. तीर्थ मात्र ती सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाजत राहिली. पाच आठवड्यांत तात्या गेले.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी आशा, औरंगपुऱ्यातल्या शाळेची विज्ञान शिक्षिका, आईला उरलेली बाटली पदराखाली घेताना पाहत होती.

"शेजारच्या इब्राहीमभाईंची कावीळ लई वाढली. त्यांच्या बायकुला, सगीराला दिऊन येते."

"तात्यांना कुठं गुण आला, माय?"

"आपलीच श्रद्धा कमी पडली आसंल."

बाटली, आई आणि सगीरा, तिघींना घेऊन आशा शाळेच्या प्रयोगशाळेत गेली.

चंबूत तीर्थ ओतून तापमापी सोडली आणि खाली दिवा लावला. वाफ थंड नळीतून जाऊन थेंब थेंब पेल्यात पडू लागली.

"पाणी शंभर अंशांना उकळतं. हे बघा, ऐंशीच्या जरा वरच उकळायला लागलं."

सगीराने पेल्यात बोट बुडवलं. "ठंडा लगता, बाजी. अन् उड भी गया." तिने बोट नाकाशी नेलं. वाळ्याच्या वासाखाली दुसराच वास होता. "ये तो दारू के गुत्ते की बू है."

आशाने पेल्यातल्या थेंबांना काडी लावली. भडकले. चंबूत उरलेल्याला लावली. काडीच विझली.

"उरलं ते पाणी. पेटली ती दारू. महाराज दोन्ही मिसळतात. दारू जळते, पाणी रुमालाला जळू देत नाही. खराब झालेल्या लिव्हरला मात्र ही दारू विष."

सगीरा उठली. "मैं उनको आजच घाटी दवाखान्यात ले जाती, खाला."

भागूबाई स्टुलावर बसूनच होती. "मग म्या रोज..."

नाही म्हणणं सोपं होतं. आशा खोटं बोलली नाही. "व्हय, माय. तुला ठाऊक नव्हतं. त्या महाराजाला ठाऊक होतं."

भागूबाई स्टुलावरून उठली. "गुरुवारी मला शेंद्र्याला ने."

रुमाल पेटला तेव्हा ती गर्दीत उभी राहिली. आवाज चढवला नाही. लोकच गप्प झाले.

"ही दारू हाय. मपल्या हातानं मपल्या माणसाला पाजली. काय जळतंय ते कळल्याबिगर हात जोडू नका, बाबांनो. आन् घरच्याला तर पाजूच नका."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरची बाटली उघडली आणि मातीत ओतली.