सावलीसाठी आणलेली बंडी

आम्हा वर्ध्याच्या मुलांचं विद्यापीठ नागपुरात होतं. त्याची इमारत मी पाहिली ती थेट पदवी घ्यायला गेलो तेव्हा. एरवी तेच आमच्याकडे यायचं. कधी प्रश्नपत्रिकांच्या सीलबंद गठ्ठ्यातून, कधी बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या रूपानं. १९७७च्या फेब्रुवारीत ते सुनीती मॅडमच्या रूपानं आलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची भूगोलाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिपाईवरच्या फळ्याला कागद लावायचा, तो फळा जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर आळीपाळीनं मांडायचा, होकायंत्राच्या सुईनं उत्तर दिशा ठरवायची आणि कॉलेजच्या मैदानावरची विहीर, कडुनिंब, फाटक असं सगळं कागदावर जिथल्या तिथं उतरवायचं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे विषयात नापास. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मला आणखी एक वर्ष शिकवणं घरच्यांना झेपणारं नव्हतं.

माझे वडील, चंद्रभान, त्या दिवशी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन सेलूकडून आले होते. खरेदी केंद्राची बंड्यांची रांग मैदानाच्या कडेपर्यंत यायची. परीक्षा बंद खोलीत होते एवढंच त्यांना माहीत. ही उघड्यावर असते म्हटल्यावर त्यांना ती पाहायचीच होती.

पहिल्या खुंटीवरचं माझं काम नीट झालं. दुसऱ्या खुंटीवर फळा मांडत होतो, तोच पाठीवरचं ऊन गेलं. वळून पाहिलं तर बाबांनी रांग सोडून बंडी मैदानात घातली होती आणि ऊन अडेल अशी माझ्या अगदी जवळ उभी केली होती. कापसाचा उंच भार, त्याची थंडगार सावली थेट माझ्या कागदावर. बाबा बैलांपाशी उभे राहून समाधानानं हसत होते.

पलीकडच्या फळ्यावरून प्रेमदास म्हणाला, “रूपराव, मांडव तं आला, वाजंत्री कुठी हाय?” दोघंतिघं हसले.

मी सुईप्रमाणे फळा लावला, पण नेम धरायच्या पट्टीतून पाहिलं तर पहिली खुंटी रेषेवर येईना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग माझी नजर बंडीच्या चाकांवर गेली. चाकांना लोखंडी पट्ट्यांच्या धावा होत्या. सुई उत्तर सोडून तिकडे ओढली जात होती.

परीक्षेत बाहेरच्या माणसाशी बोलायला बंदी. तरी मी हळूच म्हणालो, “बाबा, बंडी दूर घ्या जी. इथं नोका थांबू.”

“काऊन? ऊन लागून राह्यलं न तुले.”

सुनीती मॅडम इकडे यायला निघालेल्या दिसल्या. समजावून सांगायला वेळ नव्हता. “घ्या न दूर,” एवढंच म्हणालो. बाबांनी एकदा हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं, एकदा आपल्या मळक्या धोतराकडे.

“बरं,” ते म्हणाले. “आमचंच चुकलं.”

ते बैल वळवून निघाले. त्यांना काय वाटलं ते मला कळलं होतं. पण हातातला फळा सोडून मागं धावताही येत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, “कोण होते ते?”

“माझे वडील.”

“आणि त्यांना का घालवलंस?”

मी चाकाकडे बोट केलं, सुईची गोष्ट सांगितली. मॅडमनी वाकून होकायंत्राच्या डबीत पाहिलं. बंडी दूर जाईल तशी सुई सावकाश जागेवर येत होती. त्यांनी मला काम पुरं करायला सांगितलं आणि शिपायाला बाबांना थांबवायला पाठवलं. माझं होईपर्यंत बाबा कडुनिंबाखाली उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

मग मॅडमनी आम्हा दोघांना फळ्यापाशी बोलावलं. “तुझी तोंडी परीक्षा आता,” त्या म्हणाल्या. “मघाशी मला सांगितलंस ते यांना सांग. यांना समजलं तर मला समजलं.”

आयुष्यात मी पहिल्यांदा कोणाला शिकवलं ते असं.  बाबांच्या हातातल्या बैल हाकायच्या तुतारीला टोकाला लोखंडी आर होती. ती डबीजवळ धरा म्हटलं. सुई हलली. बाबांनी तुतारी दूर नेली, पुन्हा जवळ आणली. दोनचारदा केलं, एखादं लहान पोर करतं तसं.

“म्हंजे थे माह्या बंडीकडं पाहून राह्यली होती?”

“हो जी. म्हणून म्हटलं दूर घ्या.”

बाबांनी तुतारी खाली टेकवली. मग मॅडमना म्हणाले, “मले वाटलं, पोराले आमची लाज वाटली.”

“मुलाला तुम्ही विचारलंत, त्यानं नीट सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “मला अजून काही विचारायचं नाही.”

मी पास झालो. नालवाडीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि पुढं वर्षानुवर्षं मुलांसमोर होकायंत्र ठेवून तुतारीऐवजी विळा कोणाच्या तरी हाती देत आलो. एखाद्याला नाही समजलं तर मी थांबतो. त्याला समजलं तरच मला येतं, हे त्या मैदानात शिकलो होतो.

त्या प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मुलांची परीक्षा होती. प्रेमदास सांगत आला, की मैदानाच्या बाजूला एकही बंडी नव्हती. रांग रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकली होती. आदल्या दिवशी बाबांनी अख्खी रांग हिंडून प्रत्येक गाडीवानाला सांगितलं होतं, “तिकडं लोखंड नोका नेऊ गा. पोरं उत्तर पाहून राह्यले.”