जाळीच्या कपाटावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनं जाळीचं कपाट आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे. दार उघडलं तरी कुरकुरतो, लावलं तरी कुरकुरतो. पण एकदा माझ्यावर असा आळ आला की कुरकुरायचंही सुचेना. अन्न राखणं हे माझं काम, आणि सगळं घर मलाच अन्न नासवणारा म्हणू लागलं. तीच हकिगत आज सांगतो.

माझा जन्म बेकरीतल्या टाकाऊ फळ्यांतून झाला. आमच्या घरातले आजोबा तेव्हा आजोबा नव्हते, भट्टीवर पाव भाजणारे तरणेताठे गडी होते. बेकरीने फळ्या बदलल्या, तेव्हा जुन्या फळ्या त्यांनी मागून आणल्या आणि सुतारापुढे टाकल्या. सुतार म्हणाला, “दारांना काच लावू का? झकास दिसेल.” आजोबा म्हणाले, “काच नको रे बाबा, जाळी लाव. भाजी-पाव श्वास घेतात. कोंडून ठेवलेस तर घामेजून मरतील.” म्हणून मला जाळीची दारं मिळाली आणि ऊन कधीच पोचत नाही असा स्वयंपाकघराचा कोपरा मिळाला. माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या काठापर्यंत यायच्या, पाणी बघायच्या आणि हात हलवत परत जायच्या.

माझ्या पोटात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. वरच्या फळीवर सुती फडक्यात पाव, तेही पार निवलेले. गरम पावाने वाफ धरली की बुरशी आलीच म्हणून समजा. मधल्या फळीवर फळं. पिकलेली केळी आणि सफरचंदं मात्र वेगळ्या टोपलीत दूर, कारण ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही घाईघाईने पिकवून टाकतात. खाली दोन खण. एकात बटाटे, दुसऱ्यात कांदे. बाजारात या दोघांचं जमत असेल, माझ्याकडे जमत नाही. एकत्र ठेवले की बटाट्याला मोड फुटतात आणि कांदा ओलावतो. पालेभाजी ओलसर फडक्यात गुंडाळून एका बाजूला.

आणि या सगळ्यावर पहारा होता आजोबांच्या नाकाचा. रोज सकाळी ते माझी दारं उघडायचे, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. मग म्हणायचे, “खालचा खण, मागे, डाव्या हाताला.” हात घालून नेमका तोच बटाटा काढायचे. वरून चांगला गुळगुळीत दिसणारा, पण कापला की आत काळा! एक नासका आंबा सगळी आढी नासवतो म्हणतात. आजोबांनी माझ्या आढीत तो एक कधी टिकूच दिला नाही. आल्यागेल्याने विचारलं, “तुमच्याकडे चार दिवसांचा पाव एवढा मऊ कसा हो?” की आजोबा माझ्या पाठीवर थाप मारायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

वर्षं गेली. आजी गेल्या, भट्टी सुटली. मुलगा ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. सूनबाई बसवर कंडक्टर, पहाटेच्या पहिल्या बसला हजर. राहिली आठ वर्षांची नात. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. स्वयंपाकघर आजोबांकडेच होतं. कुणी विचारलं, “सध्या काय करता?” तर ते ऐटीत सांगायचे, “घर खातं ते मी राखतो.”

मग त्यांना ताप आला. चांगले आठ दिवस अंथरुणावर होते. नवव्या दिवशी उठले, माझी दारं उघडली, डोळे मिटले आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग कांद्याच्या खणातून एक कांदा काढला, कापला आणि नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र आला नाही. शेवटी माझ्या दारावर कपाळ टेकून हळूच म्हणाले, “नाक गेलं रे. कळलं तर मला खुर्चीत बसवून ठेवतील. तू बोलू नकोस.”

मी कसला बोलतोय! झालं, आमच्या दोघांची अळीमिळी गुपचिळी सुरू झाली.

आजोबा आता डोळ्यांत तेल घालून बघायचे, पण समोरचं तेवढंच. आयुष्य नाकाच्या भरवशावर काढलेलं. खण पूर्ण ओढून मागचं चाचपायची सवयच नव्हती. पंधरा दिवसांत माझ्या पोटात एक बटाटा फुटला. त्याचं घाण पाणी खणभर पसरलं आणि आणखी चार बटाटे गेले. मला तो ओलावा जाणवत होता, सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी तेव्हा खाल्ला.

सूनबाई ड्युटीवरून आल्या आणि दारातच थबकल्या. “बाबा, कसला हा वास?”

“कुठे? मला नाही येत,” आजोबा म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं. पण सूनबाई नवलाने बघत राहिल्या, तसे ते गडबडले आणि म्हणाले, “कपाट जुनं झालंय गं. लाकूड कुबट झालं असेल.”

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी! मला इतका राग आला की त्या दिवशी दार लावताना मी मुद्दाम अडकलो.

त्यानंतर काही बिघडलं की एकच पालुपद, “कपाटच तसलं.” संत्री सडली, कपाट. पालक पिवळा पडला, कपाट. हे असं दीड महिना चाललं. आणि एका शुक्रवारी खारूताईच्या डब्यात आजोबांनी पाव दिला. वरून सोनेरी, छान. खालून हिरवा. पोरीने शाळेत दोन घास खाल्ले आणि तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. बाईंनी तिला घरी आणून सोडलं. पोरगी संध्याकाळपर्यंत निपचित पडून होती आणि आजोबा तिच्या उशाशी बसून होते.

रात्री तिला जरा बरं वाटलं, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “आता बास. रविवारी फ्रिज येतोय. त्याच दिवशी हे कपाट भंगारवाल्याला देऊन टाकते.” आजोबांनी मान खाली घातली. मी वाट बघत होतो की आता तरी बोलतील. नाही बोलले.

रविवारी मला रिकामा करून अंगणात आणलं. भंगारवाला मोठा चिकित्सक निघाला. त्याने माझ्या फळ्या ठोकून बघितल्या, खण बाहेर काढला आणि नाक खुपसून वास घेतला.

“कुबट म्हणता होय ताई? अहो, लाकूड ठणठणीत आहे. सांडलेलं वरवर लागलंय, धुतलं की जाईल.”

“मग एवढं नासतं कसं?” सूनबाईंनी विचारलं.

“ते मला काय माहीत! घ्या आजोबा, तुम्ही भट्टीवाले ना? तुम्हीच सांगा.” असं म्हणून त्याने खण थेट आजोबांच्या नाकाशी धरला. “येतो का लाकडाला वास?”

अंगणात सगळे आजोबांकडे बघू लागले. “हो, येतो,” एवढंच म्हणायचं होतं. मी भंगाराच्या गाडीवर चढलो असतो आणि विषय मिटला असता. आजोबांनी खण हातात घेतला.

“मला काय विचारतोस? मला कशाचाच वास येत नाही. तापात गेला. दोन महिने झाले.” मग ते सुनेकडे वळले. “कपाटाचा काही दोष नाही गं. चूक माझी आहे. पोरीला पाव मी दिला. उलटा करून बघितला नाही.”

सूनबाई संतापल्या. “आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? पोरीला काही झालं असतं म्हणजे?”

“सांगितलं असतं तर घरात माझ्याकडे काय उरलं असतं?”

सूनबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “बसमध्ये दिवसभर माणसं मला थापा मारतात, बाबा. तिकीट आत्ताच पडलं, पुढच्याच स्टॉपला उतरतो. चेहरा बघितला की मला कळतं. तुम्ही दोन महिने समोर होतात, मला कसं नाही कळलं?” आणि त्या रडायला लागल्या. आजोबाही रडले. मग सूनबाई डोळे पुसून उठल्या आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, “दादा, आत ठेवायला जरा हात लावता का?” तो कुरकुरला, पण त्याने हात लावला.

आता फ्रिज माझ्या शेजारी उभा आहे. दूध आणि पालेभाजी त्याच्याकडे. पाव, बटाटे, कांदे माझ्याकडे. गारठ्यात पाव लवकर शिळा होतो, हे त्याला मान्य आहे. आमचं भांडण नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईल किंवा येणारही नाही. अजून आलेला नाही. पहिल्या बसला जायच्या आधी सूनबाई गणवेशातच माझी दारं उघडतात आणि लांब श्वास घेतात. मग आजोबा एकेक पाव उलटा करतात आणि बटाटे अंगठ्याने दाबून बघतात, खण मागपर्यंत ओढून. खारूताईचा डबा मात्र तिची आईच भरते. आजोबांना त्याचा राग नाही.

मित्रांनो, पाव निवल्याशिवाय झाकू नका, कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, आम्हाला वारा लागू द्या. हे तुम्ही कराल, शहाणी मुलं आहात. पण घरात काही नासायला लागलं, तर आधी कुणाला बोल लावायचा हे शोधत बसू नका. ते राखणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, “तुम्हाला बरं आहे ना?” आमच्या घरात हे कुणीच विचारलं नाही, आणि मला तर विचारताच येत नव्हतं.