कधीच धार न लावलेली करवत

मित्रांनो, माझा नारिंगी रंग आता फक्त मुठीच्या खाली, जिथे हात पोचत नाही तेवढ्या जागीच उरला आहे. मी साखळीची करवत. पेट्रोल प्यायचं, गुरगुरायचं आणि लाकूड कापायचं, एवढंच मला येतं. माझं वय विचारू नका. माझ्याबरोबरच्या बहिणी कधीच भंगारात गेल्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. फळीवर आम्ही थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीने बसलो होतो. एका सकाळी एक जोडपं आत आलं. त्यांनी गावाबाहेर छोटं घर घेतलं होतं. घरात लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी होती, मागच्या बाजूला पडलेल्या फांद्यांचा ढीग होता, आणि सुट्टी मिळाली की तंबू घेऊन तळ्याकाठी जायची दोघांना हौस होती. हेच पुढे माझे मालक आणि मालकीणबाई झाले.

मालकांची नजर थेट थोरलीवर गेली.

"ही द्या. घ्यायची तर दणकट घ्यावी."

"अहो, आपल्याला लाकडाची वखार काढायची आहे का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मोठीनं काम झटपट होतं."

"आणि कंबरही झटपट जाते. धरा बघू हात लांब करून. मी सांगेपर्यंत खाली ठेवायची नाही."

मालकांनी थोरलीला उचललं. थोड्याच वेळात त्यांचे दंड थरथरायला लागले आणि कान लाल झाले.

"जड नाहीये काही," ते दात आवळून म्हणाले.

"दिसतंय ते."

दुकानदार हसू दाबत म्हणाले, "मग ही विजेची बघा. धूर नाही, आवाज कमी."

"आणि तळ्याकाठी वायर कुठे खुपसू? माशाच्या तोंडात?" बाईंनी विचारलं.

सगळ्यात धाकटी तर डहाळ्या तोडण्यापलीकडे कामाची नव्हती. मग बाईंनी मला उचललं. आडवी धरली, उभी धरली, मुठीपुढचा दांडा ढकलून साखळी जागीच अडते ना ते पाहिलं, दोरी ओढून मला सुरू केलं. "दोघांनाही उचलता आली पाहिजे," त्या म्हणाल्या, "आणि गाडीच्या डिकीत तंबूशेजारी मावली पाहिजे. हीच."

मालक डिकीत जागा करायला बाहेर गेले. तेवढ्यात दुकानदारांनी बाईंना सांगितलं, "वहिनी, दोन-तीन टाक्या पेट्रोल संपलं की हिच्या दातांवर ही गोल कानस फिरवायची. धार गेली तर करवत काही कामाची नाही." बाईंनी मान डोलावली आणि कानस पिशवीत टाकली.

माझे खरे सुखाचे दिवस तिथून सुरू झाले. थंडीच्या आधी जळण कापायचा कार्यक्रम असे. मालक हातमोजे आणि चष्मा चढवून कापायचे, बाई ओंडक्याचं दुसरं टोक पायाने दाबून धरायच्या. मी लाकडात शिरले की जाड, पांढऱ्या ढलप्या उडायच्या. काम झालं की मालक लाकडं वाहून घरामागे रचायला जात आणि बाई मला मांडीवर घेऊन बसत. मालकांना वाटे, त्या मला पुसत आहेत. पुसायच्याही, पण आधी एकेक दात बोटाने चाचपून त्यावर कानस फिरवायच्या. त्यांचा हात हलका होता. मला गुदगुल्या व्हायच्या.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मालक म्हणाले, "बघ, अजून नव्यासारखी कापते! धार म्हणून लावावी लागली नाही."

बाई सांगणारच होत्या. पण मालकांचा तो फुललेला चेहरा पाहून त्यांना हसू आलं, आणि त्या गप्प बसल्या. पुढच्या वर्षी तर गंमतच झाली. तळ्याकाठी शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ आपली बोथट करवत घेऊन वैतागले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही धार कशाने लावता हो?"

"धार? हिला?" मालक छाती पुढे काढून म्हणाले. "हिच्या अंगाला आजवर कानस लागलेली नाही. वस्तू पारखून घ्यावी लागते, साहेब!"

"हो ना," बाई चहा ओतत म्हणाल्या, "यांची पारख म्हणजे काही विचारू नका."

आणि तंबूत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या. मला सगळं दिसत होतं. बोलता येत असतं, तर मीही हसले असते. मग ती बढाई म्हणजे घरातला नेमच झाला. नवा पाहुणा आला की मालक मला दाखवायचे, आणि बाई मान डोलवायच्या. "एक दिवस सांगेन यांना," त्या कानस फिरवताना पुटपुटत. "चांगली फजिती करेन."

मित्रांनो, तो एक दिवस आला नाही. बाई आजारी पडल्या, आणि ते दुखणं त्यांना घेऊनच गेलं.

त्यानंतर मालकांनी मला बराच काळ हात लावला नाही. मी पडवीत गोणपाटाखाली पडून होते. थंडी तोंडावर आली तेव्हा ते आले. ओंडका एकट्याने दगडांत अडकवला आणि मला सुरू केलं. मी जीव तोडून ओरडले, पण लाकडात शिरेना. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडत होता. मालक जोर लावत राहिले, साखळीखालच्या पट्टीतून धूर निघाला. शेवटी त्यांनी मला बंद केलं आणि खाली बसले.

"तूही थकलीस का गं?" ते म्हणाले.

मला सांगता आलं नाही की मी थकले नव्हते. मी बोथट झाले होते.

माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली त्यांची लेक भेटायला आली. ती म्हणाली, "बाबा, जुनी झाली ती. बॅटरीवरची घेऊ. ही देऊन टाका."

मालकांनी आणि बाईंनी मिळून निवडलेली, अजून चालती अशी घरात मी एकटीच उरले होते. मला देऊन टाकायचं म्हणजे काय, ते मालकांनाच ठाऊक. तरीही त्यांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि बापलेक त्याच दुकानात गेले.

दुकानदारांचे केस पांढरे झाले होते. मालक म्हणाले, "हिचं आयुष्य संपलं. नवी दाखवा."

दुकानदारांनी माझ्या साखळीवरून अंगठा फिरवला. "आयुष्य कसलं संपतंय? इंजिन ठणठणीत आहे. नुसती धार गेली आहे. कधी लावली होती?"

"धार हिला कधी लावलीच नाही," मालक म्हणाले. पण आवाजात पूर्वीची ऐट नव्हती.

दुकानदार चष्म्यावरून बघत राहिले. "असं कसं? हे दात बघा, झिजून निम्मे झालेत. कानशीनेच झिजलेत. आणि वहिनी तर दर थंडीआधी नवी कानस न्यायच्या. मला वाटायचं, तुमच्यासाठीच नेतात."

लेकीने बाबांच्या दंडाला धरलं. मालकांनी मला जवळ ओढलं आणि एकेक दात बोटाने चाचपू लागले, अगदी बाई चाचपायच्या तसे. मग त्यांचे खांदे गदगदू लागले. मला वाटलं, रडताहेत. रडतच होते, पण मध्येच हसलेही.

"अगं, सगळ्या पाहुण्यांसमोर!" ते म्हणाले. "इतकी वर्षं मला बढाया मारू दिल्यास!"

त्यांनी नवी करवत घेतली नाही. कानस घेतली. दुकानदारांनी ती कशी तिरपी धरायची ते दाखवलं. घरी येऊन मालक पायरीवर बसले आणि मला मांडीवर घेतलं. हात जड होता. डाव्या बाजूचे दात बरे झाले, उजवीकडचे नुसते खरवडले. त्यामुळे पहिला ओंडका मी पार वाकडा कापला.

"बाबा, हे लाकूड आहे की केळं?" लेक म्हणाली.

"गप्प बस आणि ते टोक दाबून धर," मालक म्हणाले, आणि पुन्हा कानस घेऊन बसले.

मित्रांनो, मी पुष्कळ लाकडं कापली, पण शहाणपण एवढंच शिकले. तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, जी कधी बिघडत नाही, कधी कुरकुरत नाही. ती आपोआप चालत नसते. तिच्यामागे कुणाचा तरी हात फिरतो. तो कुणाचा, हे आज घरी गेल्यावर विचारा. माझ्या मालकांना ते दुकानात जाऊन कळलं. तुम्हाला स्वयंपाकघरापर्यंत जाऊनही कळेल.