मान नाही, हात मोजायचा

अहो, बसा की! मी एक घडीची खुर्ची बोलतेय, आणि माझ्यासमोर उभं राहून कुणी ऐकलेलं मला मुळीच खपत नाही. कापड विरलंय, उजवी बिजागरी कुरकुरते, पण आजवर मी कुणाला पाडलेलं नाही. एक जाडे वकीलसाहेब तेवढे सोडा. त्यातही चूक त्यांचीच होती. ते बसले नव्हते, कोसळले होते.

मला घडवलं एका सुताराने. दारं करून उरलेलं चांगलं लाकूड होतं, त्याचे माझे पाय झाले. वर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड ताणून बसवलं. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर बसला, डोळे मिटले आणि घोरायला लागला. माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक पुढे कुणी केलं नाही.

तिथून मी एका चित्रपटगृहाच्या दाराशी आले. दारावर तिकिटं फाडणारी एक बाई होती. बांधा दणकट, आवाज खणखणीत आणि गुडघे कायमचे रुसलेले. बसूनच काम करायची, म्हणून मालकांनी मला आणलं होतं. त्या दाराशी माझं सगळं शिक्षण झालं. माणसाचं तोंड काहीही बोलो, बसताना त्याचं खोटं चालत नाही. तोऱ्यात असलेला माणूस पुढे सरकून बसतो. दमलेला अंग सोडून देतो. आणि घाबरलेला माणूस बसल्यासारखं करतो, पण सगळा भार स्वतःच्या पायांवरच ठेवतो, म्हणजे उठून पळायला बरं.

पुढे ते चित्रपटगृह बंद पडलं. निरोपाच्या दिवशी मालक बाईंना भिंतीवरचं घड्याळ द्यायला निघाले. बाई म्हणाल्या, "घड्याळ कशाला? आता मला कुठे वेळेवर जायचंय? ती खुर्ची द्या." मला काखेत मारून त्या थेट घरी घेऊन आल्या.

घर त्यांच्या धाकट्या भावाचं. भाऊ शीतकपाटं दुरुस्त करायचा, भावजय रुग्णालयात परिचारिका. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. बाई तिची आत्या, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणू लागले. पोर काटकुळी, लांब पायांची, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं होतं टिटवी.

टिटवी सात-आठ वर्षांची झाली आणि तिची मान मधेच आपोआप उडायला लागली. मान उडाली की कधीकधी घशातून 'ट्याक्!' असा मोठा आवाज निघायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हे ती मुद्दाम करत नाही, तिच्या हातात नाही, रागावू नका. घरातल्यांनी ते ऐकलं. बाकीच्यांना कोण सांगणार? शाळेत पोरं तिच्या मागे 'ट्याक् ट्याक्' करत फिरायची. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन म्हणाले, "जरा आवरा हो तिला, डोकं उठतं." मुलांना 'टिटवी' हे नाव कळलं आणि त्यांनी त्याची शिवी केली. त्या दिवसापासून आत्याने ते नाव घेणं बंद केलं. टिटवीने शाळेखेरीज बाहेर जाणंच बंद केलं. शाळेतून आली की खिडकी लावायची आणि माझ्यावर येऊन बसायची. घरच्या खोलीत, घरच्या खुर्चीवर, तरी भार सगळा पायांवर. मला इतकं वाईट वाटायचं म्हणून सांगू! अगं, मी तुला धरायला आहे ना, टेक की जरा. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

शेवटी टिटवीच्या आईनेच विषय काढला. "हे गाव सोडू या. समुद्रकाठच्या दोन गावांतली रुग्णालयं मला घ्यायला तयार आहेत. कुठलं ते आपण ठरवायचं."

बाबा लगेच म्हणाले, "शांत असेल ते. पोरीला कुणाचा त्रास नको."

"दोन्ही बघू या," आत्या म्हणाली. "आणि घरं बघत बसू नका रे. भिंती सगळीकडे सारख्याच. रस्त्यावर खुर्ची टाकायची आणि बसून राहायचं. गाव आपणहून कळतं."

"ताई, खुर्ची घेऊन प्रवास? लोक हसतील."

"हसू देत. कोण कसं हसतं ते तरी कळेल."

झालं, माझं भाग्य उजळलं. सुट्टीत आम्ही पाचजण निघालो. हो, पाच. मी स्वतःला धरते.

पहिलं गाव बघून बाबा तर खूशच झाले. पांढरीशुभ्र घरं, छाटलेली झुडपं, समुद्रसुद्धा जपून आवाज करायचा. भाड्याने मिळत होतं त्या घराच्या खिडकीतून पाणी दिसत होतं. आत्याने मला समोरच्या पदपथावर उघडलं आणि बसली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. येणारे-जाणारे हसायचे, पण ते हसू ओठांपुरतंच. मग टिटवी आईचा हात धरून बाहेर आली आणि तिची मान उडाली. 'ट्याक्!' कुणी ओरडलं नाही, कुणी चिडवलं नाही. समोरच्या घराची खिडकी फक्त हळूच बंद झाली. मग शेजारची. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते, ते अगदी आदराने म्हणाले, "आमचं गाव फार शांत आहे हं," आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. "कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही."

"सरळ तरी कुठे बोललं?" आत्या म्हणाली. टिटवी खाली बघत होती. तिनेही त्या खिडक्या बघितल्या होत्या.

त्यावरून परतीच्या वाटेवर बहीण-भावांची चांगलीच जुंपली. बाबांचं म्हणणं, इथे पोर निदान सुखाने घरात बसेल. आत्या कडाडली, "घरातच बसवायची असेल तर एवढा समुद्र कशाला हवा? बादली भरून ठेव पुढ्यात!" आईने दोघांनाही गप्प केलं. पण मला माहीत होतं, बाबा मनातून ते पांढरं घर ठरवून बसले होते. दुसरं गाव आता फक्त आत्याचं समाधान करायला बघायचं होतं.

दुसऱ्या गावात उतरलो आणि कानठळ्या बसल्या. एका खिडकीत कुणीतरी तुतारीवर तेच चार सूर पुन्हा पुन्हा चुकवत होतं, आणि खालून शिंपी ओरडत होता, "अरे, निदान दुसरं काहीतरी चुकव!" दोन म्हातारे मित्र एकाच घरात राहायचे, ते कुंड्यांना पाणी कोणी घालायचं यावर भांडत होते. वाळूत बायकांचा चेंडूचा खेळ रंगला होता, त्यात एक आजीबाई गोल राखायला उभ्या. कपडे दहा तऱ्हांचे, बोली दहा तऱ्हांच्या, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची हौस. एकाने आत्याला थेट विचारलं, "खुर्ची विकायची आहे का?"

"नाही. गाव घ्यायचंय," आत्या म्हणाली.

"मग धक्क्यावर जा. गाव तिथे असतं."

धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता. जमिनीवर खडूने एक मोठी अर्धगोल रेघ ओढलेली, मधे टोपल्या, आणि टोपल्यांमागे रबरी बूट घातलेली लिलाववाली. वय आत्याएवढं, आवाज आत्याच्या वरताण. आत्याने मोकळी जागा बघून मला उघडलं, आणि मग तिला चहाची तल्लफ आली. "तू बस गं जरा, मी आलेच," म्हणून टिटवीला बसवून ती गेली. आई तिच्याबरोबर गेली. बाबा बर्फाच्या यंत्राशी रेंगाळले, धंद्याची सवय, दुसरं काय.

आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही की खुर्ची खडूच्या रेघेच्या आत टाकली होती. तिथला रिवाज असा, की रेघेच्या आत जो असेल तो घेणारा. आणि बोली तोंडाने करायची नाही. मान हलवायची. मान हलली की बोली लागली आणि टोपली गेली.

तुम्ही ओळखलंतच.

टिटवीची मान उडाली. "गेली!" लिलाववाली गरजली. "खुर्चीवाल्या मुलीला!" एक भली मोठी टोपली धाडकन आमच्या पायाशी आली. टिटवी इतकी घाबरली की मान पुन्हा उडाली. दुसरी टोपली आली! वरून 'ट्याक्!' झालं. सगळा अर्धगोल तिच्याकडे बघायला लागला. तिच्या पायांत जोर आला, ती उठून पळणार हे मला कळलं. मला हात असते तर मी तिला घट्ट धरून ठेवलं असतं हो.

तेवढ्यात बाबा धावत आले. "माफ करा, चूक झाली. ती... तिला बरं नसतं. तिला काही कळत..."

"तुम्ही थांबा," लिलाववाली म्हणाली. "बोली तुमची नाही, तिची आहे. मी तिला विचारते." आणि ती टोपल्या ओलांडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काय गं, बोली केलीस की नाही?"

टिटवीने आधी बाबांकडे बघितलं. बाबांनी तोंड उघडलं, पण मागून चहाचा पेला हातात घेऊन आत्या आली होती, तिने भावाचा दंड धरला.

"नाही केली," टिटवी म्हणाली. आवाज एवढासा. "माझी मान आपोआप उडते. मी थांबवू शकत नाही. आवाजही आपोआप येतो."

परक्या माणसाला तिने स्वतः सांगायची ही पहिलीच वेळ होती.

लिलाववालीने क्षणभर विचार केला, कीव नाही, हसू नाही, वजनकाटा बिघडलाय म्हटल्यावर करावा तसा. मग वळून ओरडली, "ऐका रे सगळे! हिची मान मोजायची नाही. हिने हात वर केला तरच बोली. दोन्ही टोपल्या परत!"

"वा!" एक म्हातारा म्हणाला. "माझी मान आखडते, त्याचं काय? माझ्यासाठी कधी नियम नाही बदलला!"

"तुझी आखडत नाही, बायको दिसली की वळते!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. टिटवीवर नाही, म्हाताऱ्यावर. तोसुद्धा हसला.

"नाव काय तुझं?" लिलाववालीने विचारलं.

"टिटवी."

आत्या चहा प्यायचीच विसरली. ते नाव त्या पोरीने स्वतः परत घेतलं होतं.

"बरं, टिटवी. बसायचं तर बस तिथेच. पुढची टोपली!" आणि लिलाव सुरू. टिटवीची मान मधे उडाली, आवाजही आला. कुणी वळून बघितलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष मासळीवर होतं. आणि मग, मी शपथेवर सांगते, तिने पाठ टेकली. सगळा भार माझ्यावर सोडला. मी आयुष्यात किती माणसं झेलली, पण त्या काटकुळ्या पोरीच्या वजनाने मला जे सुख दिलं ते कुणीच दिलं नाही.

परतताना बसथांब्यावर आत्या म्हणाली, "बोला, कुठलं गाव?"

टिटवीने बाबांकडे बघत हात वर केला. बाबांनी तो वर केलेला हात धरला आणि ते रडले. "मला वाटलं, मी तिला सांभाळतोय," एवढंच म्हणाले. आत्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली, बऱ्यापैकी जोरात.

मग आम्ही तिथलेच झालो. तुतारीवाल्याच्या समोरच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. आई रुग्णालयात, बाबा बर्फाच्या कारखान्यात. मी दाराबाहेर. आत्या माझ्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायची आणि सगळ्या गल्लीला सल्ले द्यायची, न मागता. टिटवी बरी झाली असं समजू नका. मान अजून उडते, आवाज अजून येतो. गावात हळूहळू सगळ्यांना तो नियम कळला होता, एवढंच. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा मुलंच सांगायची, "बाई, तिची मान नाही, हात बघा."

आता आत्या नाही. शेवटपर्यंत ती माझ्यावर बसली. गेली त्या दिवशी लिलाववाली येऊन रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. बसली नाही. मला आवडत नाही ते उभं राहणं, पण त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

खाऱ्या वाऱ्याने माझी बिजागरी खाल्ली, कापड उसवलं. आत्यामागे माझ्यावर कुणी बसेना. काल बाबांनी घर आवरायला काढलं आणि गल्लीत भंगारवाला आला. "ही पण न्या," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघवत नसेल. मी रागावले नाही. समुद्र बघितला, पोरगी बघितली, एका खुर्चीला अजून काय हवं?

भंगारवाल्याने मला उचललं. तेवढ्यात टिटवी बाबांच्याच कारखान्यातून आली, हाताला यंत्राचं तेल, आता बाबांपेक्षा उंच झालीय. मला भंगारवाल्याच्या हातात बघून ती जागच्या जागी थबकली. तिची मान उडाली. 'ट्याक्!'

भंगारवाला मला तसाच उचलून धरून थांबला. मान त्यानेही मोजली नाही. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

तिने हात वर केला.

"गेली!" तो म्हणाला, आणि मला दारासमोर खाली ठेवलं. टिटवीने मला उघडलं, तेलकट हातांनीच, आणि पाठ टेकून बसली.