पोटरीतलं भात

मरोळच्या गावठाणात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा हा सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या बैलगाडीत सजवायच्या, बँड वाजवत गल्ल्यांमधून चर्चपर्यंत न्यायच्या, फादरांनी त्यांवर पाणी शिंपडलं की घरोघर वाटायच्या. शेतं कधीच इमारतींखाली गेली, म्हणून लोंब्या वसईहून येतात. पण यंदा गाडी सजवणाऱ्या फिलूमावशीच्या मनात आलं, गाडीत एक तरी जुडी मरोळमध्ये उगवलेली हवी. शेजारच्या इमारतीतली पाचवीतली ऋतिका परब म्हणाली, "मी लावते."

बियाणं कुडाळहून तिच्या लवूमामाने पाठवलं. ऋतिकाने ते गच्चीवर रंगाच्या बादलीत पेरलं, कबुतरांपासून राखलं.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, फिलूमावशी विळा घेऊन गच्चीवर आली. भात हिरवंगार, चांगलं वाढलेलं. लोंबी मात्र एकही नाही. मावशीने भाताचं एक ताट चाचपलं.

"अगो, हे पोटरीत हाय! लोंबी अजून पोटातच. बी कुठलं दिलं तुझ्या मामाने?"

ऋतिकाने मामाला फोन लावला.

"गरव्याचा गो!" मामा खुशीत होता. "आमच्याकडचा सगळ्यात बरा भात. हळव्याचा कोण खाता? दिवाळीच्या सुमाराक कापूचा."

"मामा, आगेरा उद्या आहे!"

"मगे आधी सांगूक नको?"

हळवं लवकर येतं, गरवं उशिरा, एवढं ऋतिकाला त्या दिवशी कळलं. भाचीला चांगल्यातलं चांगलं द्यायचं म्हणून मामाने उशिराचं दिलं होतं, आणि तारखेचा विषय दोघांनीही काढला नव्हता.

"वाट लागली," तिची मैत्रीण तेजल म्हणाली.

रविवारी सकाळी आई स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याकडून पिवळ्याधमक लोंब्यांची जुडी घेऊन आली. "धर. कोणाला कळतंय?"

ऋतिकाने जुडी हातात घेतली. छान होती. ती तशीच घेऊन मावशीकडे गेली.

"मावशी, फादर माझं नाव सांगणार?"

"माईकवर. मरोळमध्ये पिकवलेलं भात म्हणून."

ऋतिकाने जुडी वसईच्या लोंब्यांत खोचून टाकली आणि तेजलला म्हणाली, "चल, बादली उचलू."

"वेडी आहेस का? ओली माती आहे त्यात!"

बादली खरंच जड होती. गाडी लोंब्यांनी भरलेली, त्यामुळे दोघींनी ती कडीला धरून गाडीमागून चालत नेली. पुढे बँड, मध्ये चौकडीची लुगडी नेसलेल्या बाया नाचताहेत, आणि मागे या दोघी दर वळणावर बादली खाली ठेवताहेत.

"काय गो, बैलाला गवत आणलं?" ओट्यावरून एक म्हातारे ओरडले. लोक हसले. ऋतिकाचे कान लाल झाले.

"भात आहे ते! गरवं. उशिरा येतं."

पुढच्या ओट्यावर पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. चर्च येईपर्यंत तेजलसुद्धा जोरात सांगायला लागली.

फादरांनी बादलीत वाकून पाहिलं. "लोंबी कुठाय, बाळ?"

"आत आहे. हळूच हात लावून बघा. दाबू नका."

फादरांनी ताट दोन बोटांत धरलं. फुगीर जागा सापडली तशी मान हलवली आणि माईक हातात घेतला.

"हे ऋतिका परबचं भात. मरोळचं. अजून पिकायचंय."

मग लोंब्यांवर शिंपडलं तसंच बादलीवरही पाणी शिंपडलं. थोडं ऋतिकाच्या चष्म्यावर उडालं. मघाचे म्हातारे काठी टेकत आले आणि त्यांनीही ताट चाचपलं. "लहानपणी बापाने दाखवलेलं," एवढंच बोलून ते बाजूला झाले.

वसईच्या लोंब्या वाटून संपल्या. ऋतिकाकडे वाटायला काहीच नव्हतं.

"मावशी, माझं कापल्यावर वाटणार कोण? तेव्हा आगेरा नसेल."

"तू वाट. दारोदार जा."

"बँडशिवाय?"

"तेजलला सांग थाळी वाजवायला."

"मी वाजवीन," तेजल म्हणाली, "पण आधी ही बादली गच्चीवर कोण चढवणार ते सांग."

तिघींनी मिळून चढवली.