आठवा खण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. वरच्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत चार असे माझे आठ खण आहेत. एकोणीस वर्षे माझे तोंड जिन्याच्या भिंतीकडे होते आणि पाठीला शेजाऱ्यांच्या ओल्या छत्र्या टेकलेल्या असत. गेल्या रविवारी मला पुन्हा सरळ केले, तेव्हा बोलायचे ते आताच बोलून घेते. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका मोठ्या टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत झाला. मला घडवणारा सुतार तोंडाचा फटकळ, पण हाताचा सच्चा होता. त्याने माझ्या सांध्यांत एकही खिळा मारला नाही. तेव्हा मी चांगली अठ्ठेचाळीस खणांची होते. प्रत्येक खणावर एकेका गावाचे नाव होते. टपाल वाटणारे माझ्यासमोर उभे राहत आणि त्यांचे हात असे चालत की पत्र कधी सुटले आणि कधी खणात पडले ते त्यांनाही कळत नसे.

शेवटच्या खणावर मात्र गावाचे नाव नव्हते. तिथे रंगाने 'पुन्हा पाहा' असे लिहिले होते. पत्ता पुसलेला, अक्षर लागत नाही, एकाच नावाची दोन गावे, अशी सगळी पत्रे त्या खणात जात. पाळी संपली तरी तो खण रिकामा झाल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, आणि ते काम उभ्याने करायचे नाही, असा तिथला शिरस्ता होता. त्यांची एक म्हणच होती: उभ्याने वाटावे, बसून पाहावे. माणसे मग स्टूल ओढून, चष्मा पुसून बसत आणि एकेक पाकीट उजेडाला धरत. मला त्या खणाचा फार अभिमान होता.

पुढे टपाल वाटायला यंत्र आले. मला निकालात काढले आणि करवतीने माझे सहा तुकडे केले. पाच तुकड्यांचे काय झाले ते मी विचारले नाही. सहावा तुकडा, म्हणजे आता बोलते आहे ती मी, एका टपाल वाटणाऱ्याने खांद्यावर टाकून तीन मजले चढवला. गावांची नावे त्याने घासून काढली. 'पुन्हा पाहा' तेवढे ठेवले.

त्याच्या घरात चार माणसे होती. आई पहाटेच्या पाळीला बेकरीत जाई. थोरली मुलगी बारा वर्षांची, धाकटी आठ. मला उचलून आणणारा तो म्हणजे मुलींचे बाबा. त्यांना थट्टेची भारी हौस. थोरलीला ते 'रजिस्टर' म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्ट पक्की हवी असे, जणू सही घेतल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. धाकटी होती 'पार्सल'. गोल, ठेंगणी आणि जरा आपटले की आवाज करणारी.

त्या काळी बिस्किटांच्या पुड्यांत सुपरहिरोंची चित्रे निघत. मुलींनी साठ-सत्तर जमवली होती. इमारतीतली बाकी मुले त्यांचे गट शक्तीवरून करत. उडणारे इकडे, पाण्यातले तिकडे. थोरलीला ते पटत नसे.

"उडणं काय, कुणालाही चिकटवलं की चिकटतं," ती म्हणे. "स्वभाव ज्याचा त्याचा असतो."

म्हणून माझ्या खणांवर तिने स्वभावांच्या चिठ्ठ्या लावल्या. वीजबाई गेली 'आधी उडी, मग विचार' या खणात. कप्तान कडक 'नियमाने वागणारे' मध्ये, भिंतफोड्या 'चिडके पण मनाने चांगले' मध्ये. धूरकाका चारचौघांत सगळ्यांना हसवी आणि घरी गेल्यावर तोंड उघडत नसे, त्यामुळे त्याच्यावरून आठवडाभर वाद चालला. अदृश्य मावशीला थोरलीने 'एकटे राहणारे' या खणात टाकले, तेव्हा धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

"ती एकटी नाही राहत, ताई. तिला कुणी बघतच नाही."

"मग टाका आठव्यात," बाबा म्हणाले. आठवा म्हणजे 'पुन्हा पाहा'. रविवारी दुपारी ते जमिनीवर मांडी घालून बसत आणि हाक मारत, "चला रजिस्टरबाई, आठव्याची छाननी बाकी आहे. उभ्याने नाही, बसा खाली." मग तिघांत खल चाले. कधी एखादा हिरो खण बदले, कधी पुढच्या रविवारपर्यंत तिथेच राही. मी कचेरीत लाखो पत्रे पाहिली, पण त्या दुपारांइतकी मी कुठेच रमले नाही.

थोरलीला मात्र तो खण डोळ्यांत सलत असे. तो कायम भरलेला, अस्ताव्यस्त. "पुन्हा पाहा म्हणजे आळस नुसता," असे तिचे मत. तिला एक नवा गट सुचला होता, 'न रडणारे', आणि त्यासाठी जागा नव्हती. कचेरीत माणसे कमी झाल्यामुळे बाबांना तेव्हा दोन-दोन पाळ्या होत्या. ते खुर्चीत पेंगत असताना तिने विचारले, "बाबा, आठवा खण घेऊ का?" बाबा डोळे न उघडता "हं" म्हणाले. तिने त्या हुंकारावर काम उरकले. खळ लावून 'न रडणारे' ही चिठ्ठी 'पुन्हा पाहा' वर चिकटवली. धूरकाकाला 'थट्टेखोर' मध्ये कोंबले, अदृश्य मावशीला 'एकटे राहणारे' मध्ये. एक कागद चिकटला, त्यात काय मोठेसे, असे मलाही वाटले.

हिरो संपले तेव्हा मुलींनी घरच्या माणसांची चित्रे काढली. बाबा 'थट्टेखोर' मध्ये गेले, आई 'नियमाने वागणारे' मध्ये, थोरलीने स्वतःला कप्तान कडकच्या शेजारी ठेवले. राहिली धाकटी. ती पक्की रडूबाई. फुगा फुटला की रडे, दुसऱ्याचा फुटला तरी रडे. रडणे सुरू झाले की घर डोक्यावर घेई.

"मला कुठं?" तिने विचारले.

"तुझा खणच नाही."

"न रडणाऱ्यांत घे ना गं."

"महिनाभर न रडता राहून दाखव, मग घेते. आणि नंतर एकदा जरी रडलीस ना, चित्र बाहेर. कायमचं."

मित्रांनो, त्या पोरीने तो महिना काढला. दारात बोट चेमटले, नख काळे पडले, तरी ओठ दाबून उभी राहिली. शाळेत कुणी तिची वही फाडली, ती गप्प. घरात सगळ्यांना बरेच वाटले. आई शेजारणीला सांगे, "आमचं पार्सल आता शहाणं झालं हो." बाबा आल्यावर निवांत झोपू शकत. सगळे तिला शाबासकी देत आणि ती फुलून जाई. रोज संध्याकाळी ती आपले चित्र उलटे करून माझ्या फळीवर ठेवी आणि पेन्सिलीने काहीतरी करी. काय ते मला दिसत नसे, नुसती खरखर ऐकू येई. महिना भरला तेव्हा थोरलीने शब्द पाळला. चित्र आठव्या खणात गेले. धाकटी दिवसभर माझ्यासमोरून येरझाऱ्या घालत होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका बुधवारी ती शाळेतून आली आणि माझ्या खालच्या फळीला पोट दाबून बसली. तिचे अंग तापले होते. लाकडाला असा ताप लगेच कळतो. आई कामावरून आलेली, पिशवी अजून हातात, दारातूनच म्हणाली, "काय गं, पोट दुखतंय?"

"थोडंसं."

आईने ओव्याचे पाणी दिले. गुरुवारी ती जेवली नाही. बाबा पायांत बूट चढवता चढवता म्हणाले, "खरंच दुखत असतं तर हिनं गल्ली गोळा केली असती." हे त्यांनी थट्टेने म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. इतकी वर्षे त्या घरात धाकटीचे दुखणे तिच्या आवाजावर मोजले जाई. मोठा आवाज म्हणजे डॉक्टर, बारीक आवाज म्हणजे फुंकर. आता आवाजच नव्हता. सगळ्यांनी विचारले, मित्रांनो. विचारले नाही असे मी म्हणणार नाही. पण सगळ्यांनी उभ्याने विचारले.

थोरलीने एकदा तिच्याकडे निरखून पाहिले होते. "लई दुखतंय का गं?" धाकटीने आठव्या खणाकडे पाहिले आणि मान हलवून नाही म्हटले. तेव्हा तिने माझी कड इतकी घट्ट धरली होती की तिच्या नखांचे चार वण अजून माझ्यावर आहेत. मला बोलता आले असते तर मी किंचाळले असते. लाकडाचा जन्म वाईट.

शुक्रवारी सकाळी दुखणे एकाएकी थांबले. ती उठून बसली, हसलीसुद्धा. आईचा जीव भांड्यात पडला आणि ती कामावर गेली. दुपारी ताप चढला. संध्याकाळी बाबांनी तिला चादरीत गुंडाळून, पूर्वी मला आणले होते तसे खांद्यावर घेऊन, तीन मजले खाली नेले. ती परत आली नाही.

डॉक्टरांचे म्हणणे मला आईच्या तोंडून कळले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगे. आतडे आत फुटले होते, म्हणून दुखायचे थांबले. एक दिवस आधी आणली असती तर वाचली असती. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते म्हणे, एवढं दुखणं आणि ही मुलगी रडली कशी नाही?

याचे उत्तर घरात एकीलाच ठाऊक होते, आणि ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेली होती. थोरली त्या दिवशी रडली नाही, तेराव्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, किती घट्ट मनाची पोर आहे. त्यांना काय माहीत की चिठ्ठी आता तिलाच चिकटली होती.

मग बाबांनी मला उचलले, चित्रांसकट जिन्याजवळ नेले आणि माझे तोंड भिंतीला लावले. घरातल्या गोष्टी मला दाराआडून कळत राहिल्या. आई बोलेनाशी झाली आणि सहाव्या वर्षी तीही गेली. बाबा कचेरीत प्रत्येक पत्र दोनदा-तीनदा बघू लागले. एक साहेब म्हणे ओरडले, "तुम्ही सगळंच टपाल अडवून ठेवता!" शेवटी त्यांना लवकर घरी बसवले. थोरली शिकली, दूर नोकरीला लागली, महिन्यातून एकदा येऊ लागली. माझ्यावर धूळ बसली, एका कोपऱ्यात वाळवी शिरली. मला कोणी विचारावे असे मलाही वाटत नव्हते.

गेल्या रविवारी जिन्याला रंग द्यायला रंगारी आला. "ही अडगळ काढा, नाहीतर मी खाली टाकतो," तो म्हणाला. थोरली नेमकी आलेली होती. तिने मला फिरवले आणि चित्रे तिच्या पायांवर सांडली. वीजबाई, धूरकाका, अदृश्य मावशी. आठव्या खणातले चित्र पडले ते उलटे पडले.

त्याच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. न रडलेल्या एकेका दिवसाची एक रेघ. पाच-पाचच्या नीट जुड्या बांधलेल्या. महिना संपल्यावरही पोरीने मोजणे थांबवले नव्हते. शेवटच्या तीन रेघा वेगळ्या होत्या. बुधवारची वाकडी, गुरुवारची अर्धवट, आणि शुक्रवारची कागदाच्या कडेवरून घसरून गेलेली.

थोरली पायरीवर बसली. बराच वेळ ती रेघांवरून बोट फिरवत होती. मग तिने आठव्या खणावरची चिठ्ठी नखाने खरवडायला घेतली. खळ वाळून दगड झाली होती, पण कागद निघाला, आणि खाली फिकट अक्षरे दिसली.

बाबा दारात येऊन उभे होते. "बाबा," ती वर न बघता म्हणाली, "हा खण घेऊ का, असं मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मी झोपेत हो म्हणालो."

"तुम्ही मला कधीच रागावला नाहीत."

"कुठल्या तोंडानं रागावू?"

आणि मग ती रडली. एकोणीस वर्षांचे साठलेले, धाकटी रडायची तसे, घर डोक्यावर घेऊन. वरखालची दारे उघडली. रंगारी ब्रश हातात धरून तसाच थांबला. बाबांनी कठडा धरला, दुखरे गुडघे कसेबसे वाकवले आणि ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी विचारले,

"कुठं दुखतंय गं, रजिस्टर?"

मित्रांनो, माझी वाळवी काढा, मला तेलपाणी करा, असे मी सांगणार नाही. माझे दिवस भरत आले आहेत. तुम्ही खुशाल खण करा. हिरोंचे करा, मित्रांचे करा, माणसाला त्यावाचून राहवत नाही. पण आठवा खण कोणालाही देऊ नका. आणि तुमच्या घरातले रडणारे माणूस एखाद्या दिवशी एकाएकी शहाणे झाले, तर त्याला शाबासकी देऊ नका. आधी त्याच्याजवळ खाली बसा.