डोंगराकडचा हात

सूर्य दिसेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचं व्रत आहे. दवाखान्यात सगळ्यांना ते ठाऊक, म्हणून पहाटे तळ्यापलीकडून निरोप आला तेव्हा कंपाउंडरांनी मला काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "सिस्टर, तुमची भाची! बाळ झालंय, पण रक्त थांबत नाहीये. तिथलं इंजेक्शन संपलंय."

इंजेक्शनचा बर्फाचा डबा घेऊन आम्ही धक्क्यावर धावलो. समोर तळंच नव्हतं. नुसतं धुकं.

होडीवर पाणथळीतली म्हातारी होती, सगळ्यांची मावशी. तिच्या लोकांच्या बोलीत डावं-उजवं नाहीच. एक डोंगराकडचा हात, दुसरा नदीकडचा. जाताना जो डोंगराकडचा, परतताना तोच नदीकडचा.

अर्ध्या तळ्यात कंपाउंडर ओरडले, "मावशी, डावीकडे घ्या! फोनमधला बाण बघा."

"हा कधी आलाय इथे?"

"अहो, त्याला वरून दिसतं!"

"मग म्हणावं, खाली ये आणि वल्हं धर."

कंपाउंडरांनी वल्ह्याला हात घातला, तशी होडी डगमगली. दोघंही माझ्याकडे बघू लागले. बाण मघापासून एकाच जागी खिळलेला होता, हे मला दिसत होतं. पण मावशीला तरी काय दिसत होतं? चुकलो तर लव्हाळ्यांत तासभर अडकणार, आणि पलीकडे माझी पोर. तिची नाळ मीच कापली होती. व्रत मोडावं का, असंही क्षणभर वाटून गेलं. मग मी फोनवर हात ठेवला आणि मावशीकडे बघून मान हलवली.

"बघा, मुक्या बाईला कळलं," मावशी म्हणाली. "आता तुम्हीही मुके व्हा. मला ऐकू दे."

तिनं चपला काढल्या, उघडे तळवे फळीवर टेकवले आणि वल्हं थांबवलं. हळूहळू मलाही जाणवलं. वाऱ्याच्या बारीक लाटा होडीला टपटप थापट्या मारत होत्या, आणि त्यांच्या खालून एक लांब, संथ हेलकावा येत होता. तो तिच्या टाचेला लागत होता, त्यावरूनच ती दिशा धरत होती. दूर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. मावशीनं मान किंचित कलती केली, जशी मी जपात करते. मी मनोमन हात जोडले. देवानं हिच्या तळव्यांत केवढं लिहून ठेवलंय!

"तुला सूर्य हवाय ना?" तिनं वल्ह्यानं पांढऱ्याशुभ्र धुक्यात नेम धरला. "तिथे आहे. बोटभर वर आलाय."

मला काहीच दिसलं नाही. थोड्याच वेळात होडी चिखलात रुतली, ती थेट भाचीच्या दारासमोर. उतरताना मावशीनं वल्हं त्याच नेमानं तिरकं रोवून ठेवलं.

भाची कागदासारखी पांढरी पडली होती. मी इंजेक्शन दिलं आणि पोट चोळत राहिले.

"आत्या, बोल ना गं काहीतरी," ती पुटपुटली.

माझे ओठ मिटलेलेच होते. हाताखाली पोट हळूहळू घट्ट होत गेलं. रक्ताची धार तुटली.

"बाई, बघ," बाहेरून मावशीची हाक आली.

दारातून दिसलं. धुकं विरत होतं, आणि वल्ह्याच्या अगदी टोकाला लाल गोळा टेकला होता.

"थांबलं गं, बाळा," मी म्हणाले.